पालथी वाटी

आधीच सांगते, भूतखेत, करणी-बिरणी असलं मी कधीच मानलं नाही. आमचं बौद्ध घर, बावीस प्रतिज्ञा पाठ करून वाढलेली मी. शाळेत शिकवते. अंगात आलेल्या बाईलाही 'पाणी पी अन् गप बस' म्हणणारी! त्यामुळे हसायचं असेल तर खुशाल हसा...

धारूरच्या पुढे डोंगरात एक गाव आहे, नाव मुद्दाम देत नाही. निजामाच्या काळात तिथं मोहाची दारू गाळायची मोठी भट्टी होती, लांबलांबून लोक यायचे. आता नुसत्या दगडी भिंती. शाळेतल्या पोरांना दाखवायला फोटो हवे होते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी गेले. सोबत मिस्टर. खरं तर त्यांना न्यायलाच नको होतं. दारूनं आमचा संसार पार धुळीला मिळवला होता, मोठ्या मुश्किलीनं सुटली होती. पण "पडक्या भट्टीत काय ठेवलंय?" म्हणत हे निघालेच.

वाटेवर सीताफळं विकणारे गफूरचाचा वाट दाखवायला आत आले. भर दुपार. भिंतीच्या कडेनं मातीच्या वाट्या, सगळ्या पालथ्या. मिस्टरांनी एक उचलली, फुंकून धूळ झाडली अन् कट्ट्यावर सुलटी ठेवली.

"अवो साहेब, पालथी घाला आदी!" चाचा ओरडले. "हितं सुलटी वाटी म्हंजी 'आनखी वाढा'. नगं आसंल तर पालथी घालायची. लई जुनी रीत हाय."

"आता कोण वाढतंय, चाचा?" हे हसले.

मी फोटो काढून वळले तर... वाटी भरलेली. काठोकाठ! दारूचा तो वास — कित्येक वर्षं माझ्या उशाशी होता, मी चुकणार नाही. आजूबाजूला चिटपाखरू नाही. अन् मिस्टरांचा हात वाटीकडे चाललेला, नजर भलतीकडेच. मी किंचाळले, फटका मारून वाटी उडवली. दगडावर आपटून तिचे तुकडे झाले. खालची माती मात्र कोरडीठाक.

मला वाटलं, सुटलो. चाचांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"फोडली कावून, बाई? आता पालथी काय घालनार?"

तेव्हापासून मिस्टर थेंबाला शिवलेले नाहीत. लेकीची शपथ घेऊन सांगतात, माझा विश्वास आहे. पण तोंडाला वास येतो. "घशाखाली घोट उतरतो गं... मी पीत नाही, तरी उतरतो," म्हणत परवा लहान लेकरागत रडले. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. घरातले पेले, वाट्या, तांबे मी सगळं पालथं घालते. सासूबाई म्हणतात, ही बया येडी झाली.

रविवारी दुपारी हे झोपले होते. उजवा हात छातीवर, तळवा वर, बोटं जवळ आलेली... वाटीसारखी. मी जवळ गेले. तळहात ओला होता. तोच वास.

मी हात धरून पालथा घातला. तो हळूहळू पुन्हा सुलटा झाला.

आता हे झोपले की मी शेजारी बसते, तो हात पालथा दाबून धरते. हे सगळं काय आहे, मला अजून कळलेलं नाही. कुणाला कळत असेल तर सांगा हो. फार भीती वाटते... माझाच डोळा लागला तर?