साखळी नसलेली सायकल

साठ सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. मी घाटंजीच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. वर्षभर पोरांकडून वांगी आणि सुरया काढून घ्यायच्या, गॅदरिंगचे पडदे रंगवायचे आणि गणिताचे मास्तर मागतील तेव्हा आपला तास त्यांना मुकाट्याने देऊन टाकायचा. या जिण्यातून सुटायची एकच वाट होती, बाहेरून एम.ए. लेखी पेपर झाले होते, राहिला होता प्रबंध. त्याची मुदत दोनदा वाढवून घेतली होती. तिसऱ्यांदा मिळणार नव्हती.

विषय होता, वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी दुकानांवर काढलेली चित्रं. आमच्या बाजारात अशा सात पत्र्याच्या पाट्या होत्या. शिंप्याची कात्री, न्हाव्याचा आरसा, बियाणेवाल्याचं कापसाचं बोंड. सगळ्या एकाच पेंटरच्या हातच्या, आणि तो वारून बरीच वर्षं झाली होती. जवसाच्या तेलात काजळी आणि गेरू घोटून केलेले त्याचे रंग उन्हाने भेगाळले होते. सायकल दुकानाची पाटी माझी लाडकी, कारण त्या सायकलीला साखळीच नव्हती. दुकान उघडायच्या आधीच पाटी रंगवलेली, तोवर त्याने सायकल फक्त रस्त्याने जाताना पाहिली असणार. धावत्या सायकलीत जेवढं दिसलं तेवढंच काढलं. त्या न काढलेल्या साखळीवर मी अख्खं प्रकरण लिहिलं. आयुष्यात लिहिलेल्यातली तेवढीच पानं मला अजून आवडतात.

नागपूरच्या मार्गदर्शकांनी हस्तलिखित परत पाठवलं. रेखाटनं तुमच्या हातची आहेत, पुरावा म्हणून मूळ पाट्यांचे फोटो जोडा, असं कळवलं. म्हणणं रास्त होतं. मी यवतमाळचा फोटोग्राफर ठरवला. त्या पेंटरचा मुलगाही पेंटरच, साठीला आलेला. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. त्यांना सांगितलं, "चाचा, पुढच्या बुधवारी तुमच्या वडलांच्या पाट्यांचे फोटो काढणार आहोत." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी असा शहाणा, की यापलीकडे एक शब्द बोललो नाही.

त्या काळी फोटो म्हणजे काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? जन्मात एकदा-दोनदा निघायचा. माणसं अंघोळ करून, डोक्याला तेल थापून, शेजाऱ्याचा कोट मागून आणून कॅमेऱ्यापुढे उभी राहायची.

बुधवारी फोटोग्राफरला घेऊन बाजारात शिरलो आणि पाय जागीच थांबले. सातही पाट्या चकचकीत! डब्यातला तयार ऑइलपेंट, त्याचा वास अजून येत होता. चाचा धुतलेला पायजमा घालून सायकल दुकानासमोर उभे. वर पाटीवर सायकल, आणि सायकलीला साखळी. एकेक कडी मोजून घ्यावी अशी.

"आठ दिवस दुसऱ्या कामाले हात नाही लावला, मास्तर," ते म्हणाले. "अब्बाचा फोटो निंगनार, अन् मळक्या कपड्यात उभं करू का त्यायले? सायकलीले चैन नोती, लोकं हासत. थे बी दुरुस्त करून टाकलं."

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. खरंच वाटला. मग कळलं, धरायचा तर आपलाच धरायला हवा. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. "छान झालंय, चाचा," मी म्हणालो. सातही फोटो काढले, शिवाय चाचांना पाटीखाली उभं करून एक.

मार्गदर्शकांनी कळवलं, पाट्या नव्या दिसतात, साखळीही दिसते. प्रबंधाला आधार राहत नाही. मुदत संपली. नवा विषय घ्यायची उमेद माझ्यात उरली नव्हती.

चाचा दर बाजाराला विचारायचे, "काय झालं मास्तर, अब्बाच्या पुस्तकाचं?" एकदा वैतागून सांगून टाकलं, "पास झालो."

पुढच्या आठवड्यात ते घरी आले. काखेत फडक्यात गुंडाळलेली पाटी. त्यांना मराठी वाचता येत नसे, अक्षरं चित्रासारखी उतरवायचे. पोस्टातल्या कारकुनाकडून कागदावर लिहून घेऊन त्यांनी माझं नाव रंगवलं होतं, आणि नावापुढे एम.ए. माझ्या होकाराची वाट न बघता त्यांनी ती दाराच्या वर ठोकली.

शाळेत सगळ्यांना खरं ठाऊक होतं. चाचांना कुणी सांगितलं नाही. पाटी काढायचा धीर मला कधीच झाला नाही. निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी त्या पाटीखालून बाहेर पडायचो आणि शाळेत जाऊन पोरांकडून वांगी काढून घ्यायचो.