भाकरीवरचा थेंब

माझ्या माहेरी, अवसरी बुद्रुकला, वडिलांना पोटाचा अल्सर होता. त्यामुळे आमच्या घरात तिखट असं नव्हतंच. आई आमटीत मिरची टाकायची ती वासापुरती, आणि वडिलांच्या ताटात वाढायच्या आधी ती काढून टाकायची. असल्या घरातून मी लग्न होऊन राजुरीला आले. पहिल्याच जेवणाला रश्शात भाकरी बुडवून एक घास घेतला आणि असा ठसका लागला की नाकातोंडातून पाणी आलं. सगळी पंगत हसली. सगळ्यात मोठ्यानं हसल्या त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना सगळे अक्का म्हणतात.

"आगं बया, ही तर दूधभात हाय!"

झालं! एकोणीस वर्षं ते नाव मला चिकटलं. मला दोन मुलं झाली, त्यातलं थोरलं बारावीला गेलं, तरी नणंदा माहेरपणाला आल्या की विचारायच्या, "आमची दूधभात कुठाय?" अक्का वाढताना माझ्यापाशी थांबायच्या आणि चारचौघींत म्हणायच्या, "तुला साखर देऊ का गं वाईच?" त्यात वाईट काही नव्हतं, हे मला आज कळतं. बाळंतपणात माझे पाय चेपून देणारी बाई ती. पण तेव्हा मी वरून हसायचे आणि आतून नुसती धुमसायचे.

अक्कांचं तिखट म्हणजे काय होतं ते सांगते. जेवताना शेजारी हिरवी मिरची लागायची, आणि ती त्या काकडीसारखी कराकरा खायच्या. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मासवड्या असतात. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण भरून गुंडाळायचं, वड्या कापायच्या आणि सोबत लालभडक रस्सा. त्या रश्शासाठी लग्न होऊन गेलेल्या लेकी लांबून यायच्या. आमची दोन घरं एकाच अंगणात, पण सणावाराला आणि पाव्हण्यारावळ्यांना चूल एकच, अक्कांची. मी वाटणघाटण करून द्यायची आणि बाजूला उभी राहायची.

बाजूला उभं राहणाऱ्या बाईला सगळं दिसतं. आमच्यात नैवेद्याचं रांधताना कुणी चाखत नाही, देवाच्या आधी उष्टं होतं म्हणून. त्या दिवशी अक्का मीठ अंदाजानं टाकायच्या, आणि अंदाज कधी चुकायचा नाही. पण एरवी? एरवी रश्शाला उकळी आली की पळीतला थेंब तळहातावर घ्यायचा, चाटायचा, डोळे मिटायचे आणि मग मान हलवायची, हे ठरलेलं. मागच्याच्या मागच्या दिवाळीत माझ्या लक्षात आलं की अक्का चाखत नाहीत. नैवेद्य नसतानाही नाहीत. भाऊबीजेचा रस्सा चाखला नाही, चिवड्याचा दाणा तोंडात टाकला नाही. सगळ्यांची जेवणं झाली की त्या दाराआड बसायच्या आणि दुधात भाकरी कुस्करून खायच्या. चहा पार गार करून प्यायच्या.

मला कळलं. त्यांचं तोंड आलं होतं आणि त्यांना तिखट सोसत नव्हतं. लग्नाआधीपासून रोज दोन वेळा मिसरी लावायची सवय त्यांना. तंबाखू भाजून केलेली ती काळी भुकटी, तिचं पुढं काय होतं हे सरकारी दवाखान्याच्या आशाताई घरोघर येऊन सांगून गेल्या होत्या. मी तेही ऐकलं होतं. आणि मी काय केलं? विचारलं का त्यांना? नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मला गुदगुल्या झाल्या. म्हटलं, बघा, आता दूधभात कोण? दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी गेली, तरी अक्का दूधभाकरीच खात होत्या, आणि मी ते गुपित सुपारीसारखं चघळत बसले.

चैत्रात यात्रेला माझा भाचा आला. तो बंगळुरूला नोकरीला आहे. येताना त्यानं एक सॉसची बाटली आणली, करंगळीएवढी, काळी, वर कवटीचं चित्र. म्हणाला, "आत्या, काडीच्या टोकावर घे. त्याच्या पुढं जाऊ नको." मी म्हटलं, एकोणीस वर्षं राजुरीचं पाणी प्यायलेय, मला काय शिकवतोस? स्वयंपाकघरात जाऊन दात कोरायच्या काडीचं टोक बुडवलं आणि जिभेला लावलं.

आधी काहीच नाही. आंबटगोड लागलं, जरासा पिकल्या फळाचा वास आला. मी म्हटलं, हात्तिच्या! आणि मग ते पेटलं. जिभेवरून टाळूला, टाळूवरून कानात. कानात, अहो! डोळ्यांना धार लागली, उचक्या सुरू झाल्या. पाणी प्यायले तर आणखी भडकलं. गूळ खाल्ला, तूप खाल्लं, दही खाल्लं. शेवटी फ्रीज उघडून त्याच्यासमोर फतकल मारून बसले आणि जीभ बर्फाच्या ट्रेला लावली. लेक येऊन बघून गेली, हसून हसून तिची पुरेवाट. अर्ध्या तासानं जरा माणसात आले. आणि तिथंच, त्या उघड्या फ्रीजसमोर डोळे पुसता पुसता, मला अक्का आठवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुषांच्या पंगती उठल्या आणि आम्ही बाया ओसरीवर जेवायला बसलो. नणंदा, भावकीतल्या बाया, सगळ्या. अक्का शेवटी बसल्या. त्यांच्या ताटात मासवडी होती, पण रस्सा नव्हता. तेवढं फक्त मलाच दिसलं. मी पदराखालून बाटली काढली.

"अक्का, भाच्यानं सॉस आणलाय. म्हणतो लई तिखट हाय. मला तर कायच लागलं न्हाई बाई."

"दूधभाताला तिखट लागलं न्हाई?" नणंद ओरडली. "मग आमच्या अक्काला काय लागणार त्याचं!"

मला तेच हवं होतं. मी अक्कांच्या भाकरीच्या तुकड्यावर थेंब टाकला. काडीचं टोक नाही, हरभऱ्याच्या डाळीएवढा.

अक्कांनी भाकरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "आज नगं गं. जागरणानं पित्त झालंय."

त्यांनी मला वाट दिली होती. मी "बरं" म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. मी काय म्हणाले?

"अक्का, भ्यायला काय?"

सगळ्या खो खो हसल्या आणि त्यांच्या तोंडाकडे बघायला लागल्या. अक्कांनी तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. चावला नाही, तसाच गिळला. क्षणभर काही झालं नाही. मग त्यांच्या मानेची शीर ताठ झाली, डोळे लाल झाले, पण ठसका नाही, हुंकार नाही. "बराय की," म्हणाल्या. तांब्या घेतला आणि हात धुवायला उठल्यासारख्या परसात गेल्या. बायांनी टाळ्या पिटल्या. सगळ्यात मोठ्यानं मी हसले.

बराच वेळ झाला तरी त्या येईनात, म्हणून मी मागं गेले. काळजीनं गेले असं म्हणायला मला आवडेल. पण मी मजा बघायला गेले होते. अक्का धुण्याच्या दगडापाशी उकिडव्या बसल्या होत्या. एका हातानं दगडाची कड गच्च धरलेली आणि दुसऱ्या हातानं तोंडात पाणी घेऊन थुंकत होत्या. पाणी गुलाबी होतं. ओसरीवर पाव्हण्या होत्या म्हणून ती बाई तोंडातून आवाज काढत नव्हती. सगळं अंग मात्र हलत होतं.

मी धावत जाऊन थंड दूध आणलं. दूध तोंडात धरायला त्यांनी आ केला तेव्हा मी आत बघितलं. डाव्या गालाच्या आत बोराएवढा पांढरा चट्टा, आणि मधोमध मांस दिसत होतं.

"हे कवापासनं, अक्का?" मी विचारलं. जसं काही मला ठाऊकच नव्हतं.

"हाय दिवाळीच्या आधीपासनं. कुणाला बोलू नगंस. पावणं हायेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव्हणे गेल्या गेल्या मी थोरल्या दिरांना सांगितलं. त्यांना वाटलं, काळजीपोटी सांगतेय. मला भीती वाटत होती. काही बरंवाईट झालं तर सॉस कुणी दिला, हे सगळ्यांना माहीत होतं. नारायणगावच्या दातांच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून गाल बघितला आणि पुण्याची चिठ्ठी लिहून दिली. पुण्यात तुकडा काढून तपासला, ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे शेक झाले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, आणखी पावसाळा काढला असता तर अवघड होतं.

त्या एका वाक्यानं मला देवी करून टाकलं. दीर येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचे, "हिच्या सॉसनं वाचवलं." भावकीतल्या सासवा माझी अलाबला घ्यायच्या. घरी आल्यावर अक्कांनी मिसरीची डबी चुलीत टाकली, पण ती काळी बाटली फेकू दिली नाही. फडताळात बरण्यांच्या पुढं ठेवलीय. बघायला कुणी आलं की बाटली काढून दाखवतात आणि म्हणतात, "ही नसती तर मी आज नसते." ही म्हणजे मी. मी चहा टाकायचं निमित्त काढून उठते. वेळेत आलात, म्हणे! दिवाळीला आलो असतो तर गाल एवढा कापावा लागला असता का? हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

मागच्या दिवाळीला अक्का पुन्हा चुलीपाशी उभ्या राहिल्या. गाल आत ओढलेला, बोलणं थोडं बोबडं. तिखट तर कायमचंच सुटलं. "जीभ लाकडाची झालीया," म्हणायच्या. आता त्या तिखट घालायच्या आधीच रस्सा चाखतात, मिठापुरता. चव लागत नाही म्हणून आणखी मीठ टाकतात. मग मसाला घालून उकळी आली की पळी माझ्यापुढं धरतात, "बघ गं, तू सांग." मी तळहातावर थेंब घेते, चाटते आणि म्हणते, "झक्कास!" रस्सा खारट असतो. चिवडा खारट होता, संक्रांतीची भाजी खारट होती. मी घरात सगळ्यांना डोळ्यांनी दटावलं होतं, एक अक्षर बोलायचं नाही. एवढं सोसलंय त्यांनी, मिठाचं काय घेऊन बसायचं? मला वाटायचं, मी त्यांना जपतेय. खारट घास गिळला की माझं मलाच थोडं हलकं वाटायचं.

यंदाच्या यात्रेला दुसऱ्या दिवशी मासवड्या झाल्या, रस्सा उकळला. ओसरीवर नणंदा लसूण सोलत बसल्या होत्या. अक्कांनी पळी पुढं केली. मी चाटलं. तोंड वाकडं झालं, इतका खारट. आणि समोर अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या, लहान मूल निकालाच्या दिवशी बघतं तशा. गावोगावच्या लेकी त्यांच्या हातचं खायला आल्या होत्या. आता त्यांना कुणीतरी बाहेर हसणार होतं, माझ्यामुळे. दुसऱ्यांदा.

"खारट झालाय, अक्का," मी म्हणाले. "लई खारट."

त्यांनी पळी खाली ठेवली.

"आजच झाला, का आधीपासनं व्हतंय?"

"व्हतंय आधीपासनं."

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं," मी म्हणाले. आणि तो शब्द तोंडातून गेला तशी मी चुलीपाशी खालीच बसले. "मागल्या खेपेला बी मला दिवाळीपासनंच ठावं व्हतं, अक्का. तुमी चाखत नव्हता ते मी बघितलं व्हतं. दूधभाकरी खाताना बघितलं व्हतं. मला तुमची जिरवायची व्हती. म्हणून दिला सॉस."

रस्सा रटरटत होता. अक्कांनी जाळ कमी केला. लाकूड मागं ओढलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"मला भ्या वाटत व्हतं गं, माझ्या तोंडानं सांगायला. तुझ्या म्होरं चाखायचं सोडलं, तुला दिसंल असं दाराआड बसून खाल्लं. म्हणलं, ही सारखी बघती माझ्याकडं. आज न्हाई तर उद्या इचारंल."

मी रडत होते. त्यांनी परातीतली कणीक ओढली, मोठा गोळा तोडला आणि रश्शात सोडला, मीठ ओढून घ्यायला. मग पळी पुन्हा माझ्या हातात दिली.

"घटकाभरानं परत चाख," म्हणाल्या, "आन् खरं काय ते सांग."