आत्याचा फॉरवर्ड

माझी फजिती ऐकायचीय ना? मग चहा घ्या आणि हसायचं तेवढं आधीच हसून घ्या. कारण हा किस्सा आजवर मी चौघांना सांगितला. चौघेही अर्ध्यापर्यंत पोट धरून हसले आणि मग आपापल्या कपात बघत बसले. पाचव्याला सांगायचं मी टाळत होतो, पण तुम्ही विषय काढलाच आहे!

मी महाडला एका सरकारी कचेरीत कारकून. कुठल्या कचेरीत, ते विचारू नका, निवृत्तीला अजून वेळ आहे. माझं टेबल आवक-जावकचं. म्हणजे डावीकडून कागद येतो, उजवीकडून जातो आणि मधे मी असतो. या मधल्या उद्योगाला आमच्याकडे एकच शब्द आहे, फॉरवर्ड. साहेब म्हणतात, "हे फॉरवर्ड करा." शिपाई म्हणतो, "भाऊसाहेब, वरून तीन फॉरवर्ड आलेत." करायचा तोही फॉरवर्ड, यायचा तोही फॉरवर्ड. मराठीत 'अग्रेषित' असा एक भारदस्त शब्द आहे म्हणे, पण तो फक्त माझ्या शिक्क्यावर राहतो. माणसाच्या तोंडून बाहेर पडलेला मी तरी ऐकलेला नाही.

'पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित.' काय शिक्का आहे हो! कुठल्याही कागदावर मारा, शोभतो. नोकरीला लागलो तेव्हा जुन्या हेडक्लार्कने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "कागद टेबलावर राहिला की तो तुझा. पुढे गेला की त्याचा." बस्स, एवढ्या एका वाक्यावर मी अख्खी नोकरी काढली. घरीसुद्धा तेच. बायको म्हणायची, "अहो, नळ गळतोय." मी म्हणायचो, "सांगतो कोणालातरी." ती म्हणायची, "झालं! केलात फॉरवर्ड!"

तर अशा माझ्या टेबलासमोर, शिमगा झाल्यावर, एके दिवशी काशीआत्या येऊन उभी राहिली.

काशीआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वरंधच्या पुढे, घाटाच्या पायथ्याला उंबरकोंड नावाची वाडी आहे, तिथे एकटी राहते. राहायची. घर वाडीत सगळ्यात शेवटचं, मागे गोठा आणि गोठ्यामागे सरळ डोंगर. आठवी ते दहावी मी त्याच घरात राहून शिकलो. त्या डोंगरावरची करवंदं खाऊन जीभ काळी करून घेतलेला माणूस आहे मी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आत्याच्या हातात पिशवी, पिशवीत कोवळा फणस आणि फणसाखाली घडी घातलेला कागद.

"बाला, भुईला तडा गेलाय रे."

"कुठं गो?"

"गोठ्याच्या वर, डोंगराला. मागच्या पावसाला बोट जायचा त्यात, आता हात जातो. कोपरापातूर. सरपंच बोलला अर्ज दे, म्हनून वाडीतल्या पोरीकडून लिवून घेतलाय."

तळीयेवर दरड कोसळली त्यानंतर आमच्या भागात डोंगराला तडा गेला असं कोणी म्हटलं की माणसं हसत नाहीत. मीही हसलो नाही. गंभीर चेहरा केला. गंभीर चेहरा करायला आम्हाला पगार मिळतो.

आता खरं तर काय करायला हवं होतं? साहेबांचं केबिन माझ्या टेबलापासून दहा पावलांवर. मोजलीत मी, नंतर. आत्याला घेऊन दहा पावलं चालायचं आणि सांगायचं, साहेब, ही माझी आत्या, हा डोंगर मी ओळखतो, उद्याच्या उद्या कोणालातरी बघायला पाठवा. एवढंच. पण तेव्हा साहेबांकडे कोणीतरी बसलं होतं, मला जेवायची घाई होती आणि शिक्का हाताशी होता.

धप्प!

"झालं गो आत्या. फॉरवर्ड केला."

"म्हंजे?"

"म्हणजे पुढे गेला. वरती. आता तू काळजी करू नकोस."

आत्याने माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. भर कचेरीत! मला लाज वाटली, पण आवडलंही. सोबतच्या टेबलवाल्यांना मी फणसाच्या भाजीचं आमंत्रणसुद्धा देऊन टाकलं.

आत्या वाडीत गेली ती साखर वाटतच. "माज्या भाच्यान फॉरवर्ड दिलान!" तिच्या तोंडी फॉरवर्ड ही मिळायची वस्तू झाली, घरकुल मिळतं तशी. दर आठवड्याला फोन. वाडीत रेंज फक्त समाजमंदिराच्या ओट्यावर येते, तिथे येऊन उभ्याने फोन करायची.

"फॉरवर्ड कुठवर आला रे?"

"अलिबागला पोचलाय."

"लांब गेला गो बाय!" असं म्हणून ती ओट्यावरच्या बायकांना ती बातमी सांगायची.

मी तिला समजावायला हवं होतं. आत्या, फॉरवर्ड म्हणजे काम नव्हे. कागदाची जागा बदलते, डोंगराची नाही. पण खरं सांगू? मला मान मिळत होता हो! वैशाखात वाडीत लग्न होतं, तर मला पुढच्या खुर्चीत बसवलं. हातात नारळ दिला. माइकवरून पुकारलं, "वाडीसाठी फॉरवर्ड आणणारे भाऊसाहेब!" आणि मी उठून हात जोडले. काय म्हणायचं अशा माणसाला?

बरं, कागद वरती सुखरूप पोचला आणि उलट टपाली परत आला. 'सदर ठिकाणी पाहणी करून अहवाल सादर करावा.' म्हणजे डावीकडून पुन्हा माझ्याच टेबलावर! मी विषय बघितला. विषय म्हणजे फक्त गावाचं नाव. उंबरकोंड.

आता गंमत अशी की उंबरकोंड दोन आहेत. एक आमचं, एक पोलादपूर तालुक्यात. आदल्याच आठवड्यात त्या पोलादपूरच्या उंबरकोंडचे चार कागद चुकून आमच्याकडे आले होते आणि ते मी शिताफीने योग्य जागी पाठवले होते. साहेबांनी शाबासकी दिली होती. त्यामुळे डोक्यात पक्कं बसलेलं, उंबरकोंड म्हणजे पोलादपूर. वाचायचं कशाला? धप्प!

दहा दिवसांनी तिकडच्या इंजिनीयरचा फोन. मी डबा खात होतो.

"भाऊसाहेब, तुमच्या त्या अर्जातल्या काशीबाई गावल्या. पन त्यांच्या मागं डोंगर नाय."

"नाही म्हणजे?"

"नाय म्हंजे नाय. चारी अंगाला भातशेती हाय. बाई बोलतायत, भिंत देत असाल तर द्या, गुरं शिरतात. काय करू?"

तुम्ही म्हणाल, काशीबाई ऐकल्यावर तरी टाळक्यात काही वाजलं असेल! नाही हो. माझ्यासाठी ती आत्या. कागदावर गेली की ती अर्जदार, आणि अर्जदार आमच्याकडे दिवसाला चाळीस येतात. मी घास गिळला आणि म्हणालो, "जे दिसतंय ते लिहा आणि द्या पाठवून."

तिकडच्या उंबरकोंडलाही एक काशीबाई निघाली होती; त्याने तिचंच घर बघून लिहिलं. प्रामाणिक माणूस, त्याची काही चूक नाही. 'प्रत्यक्ष पाहणी केली असता सदर ठिकाणी डोंगर आढळून आला नाही. सबब प्रकरण निकाली काढण्यास हरकत नसावी.' तो अहवाल आला माझ्याच टेबलावर. मी खालची ओळ वाचली. निकाली म्हटलं की आम्हाला कोण आनंद होतो! शिक्का, सही, तारीख, नस्ती म्हणजे फाइल बंद. त्याच संध्याकाळी आत्याचा फोन.

"फॉरवर्ड कुठवर आला रे?"

"पुढे गेलाय गो, पुढे गेलाय."

आषाढात सलग चार दिवस झोडपलं. वाडीतल्या लोकांना शाळेत जाऊन राहायला सांगितलं होतं. बरेच गेले. आत्या जाईना. "माजा फॉरवर्ड जालाय, मी कशाला जाऊ शालेत? गायीला कोन बघंल?" हे मला नंतर कळलं.

पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला. माझ्या एका हातात शिक्का होता.

"बाला, पानी येतंय रे तड्यातून. लाल पानी. तुज्या त्या फॉरवर्डवाल्यांना बोल जरा घाईन या..."

"अगो, सांगितलंय मी वर. पुढे गेलाय तो..."

आणि फोनमधून आवाज आला. ट्रकमधून खडी ओततात ना, तसा. पण थांबेचना. मग बायकांचा ओरडा. मी "आत्या, आत्या" करत उभा राहिलो. अख्खी कचेरी माझ्याकडे बघायला लागली.

बऱ्याच वेळाने ती बोलली. अगदी हळू.

"बाला, घर गेला."

फोन करायला समाजमंदिराच्या ओट्यावर आली म्हणून ती वाचली. गाय आणि पाडी गोठ्यात होती. लोक मला सांगतात, भाऊसाहेब, तुमच्या फोनमुळे म्हातारी वाचली. हे वाक्य ऐकलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

मदतीसाठी साहेबांकडे गेलो. ती दहा पावलं तेव्हा चाललो. साहेब म्हणाले, "आधी अर्ज केला होता का त्यांनी?" मी म्हणालो, "केला होता, साहेब." "मग काढा तो."

काढला. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी तो कागद वाचला. वाडीतल्या त्या पोरीने किती नीट लिहिलं होतं! तालुका महाड, असं ठळक. तड्यात हात कोपरापर्यंत जातो, असंही. खाली आत्याचं नाव, तिने स्वतः, एकेक अक्षर कोरून लिहिलेलं. मग एकामागून एक शिक्के. तिन्ही माझे. शेवटी ते वाक्य, 'डोंगर आढळून आला नाही', आणि त्याखाली माझी सही. सही मात्र सुरेख आहे हो माझी, सगळे म्हणतात. म्हणजे सरकारदरबारी आत्याच्या मागे डोंगरच नव्हता. जो नव्हता तोच डोंगर तिच्या चुलीपर्यंत आला.

आत्याला आम्ही महाडला आमच्या दोन खोल्यांत आणलं. पंधरा दिवस मी गप्प होतो. मग एका संध्याकाळी बायकोने चहा ठेवला आणि मी आत्याला सगळं सांगून टाकलं. दोन उंबरकोंड, इंजिनीयरचा फोन, डबा, सही, सगळं.

आत्या बशीतला चहा फुंकत होती. ती थांबली.

"वाचला नायस तू?"

"नाही."

"माज्या घरात कंदिलाखाली वाचून दहावी पास जालास. आनि माजाच कागद नाय वाचलास?"

रडली नाही, ओरडली नाही, शिवी दिली नाही. एक सणसणीत शिवी दिली असती तर मी सुटलो असतो. तिने चहा संपवला आणि कप स्वतः विसळून ठेवला. आपल्या घरात कोणी असं विसळून ठेवतं का? पाहुणे ठेवतात.

एवढ्यावर भागलं असं वाटलं तुम्हाला? थांबा. पंधरा ऑगस्टला माझा सत्कार झाला! प्रशस्तिपत्रक, फ्रेमसकट. 'वर्षभरात एकही कागद प्रलंबित न ठेवल्याबद्दल.' मी ते कपाटामागे लपवलं होतं, पण माझ्या मुलीने शोधून कौतुकाने हॉलमध्ये लावलं, नेमकं आत्याच्या खाटेसमोर. आत्या साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, अक्षर अक्षर लावून वाचते.

"प्र... लं... बि... त. म्हंजे काय रे?"

"टेबलावर पडून राहिलेला."

"मग खरा लिवलाय," ती म्हणाली. "माजा कागद तू पडू नाय दिलास."

गेल्या आठवड्यात तिच्या नव्या जागेसाठीचा अर्ज मी स्वतः लिहिला. दोनदा वाचला. तालुका महाड याखाली रेघ मारली. हातात घेऊन दहा पावलं चाललो आणि साहेबांना उभ्याने मोठ्याने वाचून दाखवला. साहेबांनी शांतपणे ऐकलं, मान हलवली.

"चांगला लिहिलाय," म्हणाले. "फॉरवर्ड करा."

मी टेबलाशी आलो आणि शिक्क्याकडे बघत बसलो. मारावा तर लागतोच, कागद दुसऱ्या वाटेने जातच नाही. मारला. संध्याकाळी घरी गेलो. जिना चढलो तर दारात आत्या आणि समोरच्या काकी तांदूळ निवडत बसलेल्या.

काकी विचारत होत्या, "मग आत्याबाई, पाहुण्या म्हणून किती दिवस आहात?"

"पावनी कसली गो मी?" आत्या म्हणाली. तिने मला बघितलं होतं. सुपातला खडा उचलून बाजूला टाकत म्हणाली, "मी ह्याचा फॉरवर्ड हाय. सगलीकडं फिरून परत ह्याच्याच टेबलावर आलेय. आता बघू, वाचतो का."