काट्यावरची टिकली

अर्जदार: मी स्वतः, दत्ताराम. वय पन्नाशीच्या पुढे, धंदा अर्जलेखन, बसण्याची जागा मुरबाडच्या तहसील कचेरीबाहेर चिंचेखाली. आठवड्यातून एक दिवस शहापूर.

प्रतिवादी: भागवू मिस्त्री, मोटार दुरुस्ती करणारे, टोकावड्याच्या अलीकडे आमच्या गावच्या रस्त्यालगत पत्र्याची शेड. त्यांच्या सर्व कागदांवर खरे नाव मीच लिहिलेले असल्याने ते मला ठाऊक आहे, परंतु त्या नावाने त्यांना हाक मारली असता ते स्वतःदेखील मागे वळून पाहत नसत.

साक्षीदार: एक, मिस्त्रींच्या पत्नी हिरावहिनी. दोन, महसूल खात्यातून निवृत्त झालेले सर्कल अधिकारी अण्णासाहेब, जे घटनेच्या वेळी माझ्या गाडीत पुढील आसनावर बसले होते.

तारीख: तारखेवाचून अर्ज लिहिणे माझ्या नियमात बसत नाही. तथापि ती तारीख ज्या कागदावर होती तो कागद मी स्वतःच्या हाताने फाडला आहे. भाताची झोडणी आटोपून पेंढा रचण्याचे दिवस होते, एवढे नमूद करतो.

आता प्रतिवादीचे वर्णन. भागवू मिस्त्री गाडीकडे प्रथम डोळ्यांनी पाहत नसत. ते गाडी ऐकत. हातभर लांबीचा एक पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, त्यांच्याकडे होता. चालू इंजिनावर त्याचे टोक टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची तपासणी. त्या वेळी शेडमध्ये कोणी बोललेले त्यांना खपत नसे. एकदा एक वाळूवाला ट्रकमालक आपल्या गाडीची कर्मकहाणी सांगू लागला, तेव्हा डोळे न उघडता मिस्त्री म्हणाले, "तुमी गप ऱ्हावा. ती सांगतेय ना." नाडी पाहणारे वैद्य मी पाहिले आहेत, पण इतका एकाग्र माणूस मी कचेरीत, देवळात किंवा दवाखान्यात पाहिलेला नाही.

"भागवू आपून," हे त्यांचे ब्रीद, आणि त्यावरूनच नाव पडले. गिऱ्हाइकाने गाडी आणली, नवे सामान कुठून आणू म्हणून तोंड पाडले, की मिस्त्री शेडच्या मागे जात. तिथे डब्यांची रांग होती. त्यात जुने नट, अर्धे पट्टे, सायकलच्या ट्यूबच्या फिती, भातगिरणीचे बेअरिंग असे काहीबाही. कोणत्या डब्यात काय आहे हे फक्त त्यांना आणि हिरावहिनींना माहीत. वहिनी म्हणत, "लगीन झालं तवा मला वाटलं दुकान हाय. नंतर कळलं, ह्यो भंगाराचा संसार हाय." मिस्त्री त्यावर हसत आणि त्याच भंगारातून काढलेल्या स्प्रिंगने वहिनींच्या शिलाई मशीनचे पायडल नीट करून देत.

हलक्या कामाची माणसे हमी देत नाहीत. मिस्त्री देत. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहितो: "ग्यारंटी गाडीची नाय, माझी. कुठं बी बंद पडू द्या, हाक मारा, मी येतो." आणि ते येत. एसटीने येत, दुधाच्या टेम्पोत बसून येत, खांद्याला पिशवी आणि पिशवीतून बाहेर आलेला तो पेचकस. माळशेजच्या पायथ्याशी अडकलेल्या एका वऱ्हाडाच्या जीपपाशी ते दुपारी पोहोचले आणि जीप चालू होईपर्यंत नवरदेवाला त्यांनी उन्हात छत्री धरायला लावली. छत्री स्वतःवर नव्हे, इंजिनावर. तो नवरदेव आजही लग्नाची गोष्ट तिथूनच सुरू करतो.

लिहिण्यावाचण्याच्या बाबतीत मात्र मिस्त्री पूर्णपणे माझ्यावर विसंबून होते. वीजबिल असो, बँकेचे पत्र असो, वा पंचायतीची नोटीस. पाकीट न फोडता ते बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे आणि सोमवारी मुरबाडला येऊन माझ्यासमोर डबा उघडायचा. मी नववीपर्यंत शिकलो आहे. पुढचे शिक्षण मी कागदांवरून घेतले. मिस्त्रींची समजूत अशी होती की सरकार जे लिहिते ते मीच सरकारला शिकवले असावे. ही समजूत मी कधी दूर केली नाही.

आता मूळ प्रकरण. माझ्याकडे एक जुनी पांढरी चारचाकी आहे. मुरबाड-शहापूर भागातील अर्जलेखकांत स्वतःच्या चारचाकीतून कामावर येणारा मी एकटा. ती गाडी तापू लागली. शहापूरच्या एका गॅरेजात सांगण्यात आले की इंजिनाच्या हेडचे पॅकिंग गेले आहे, नवे घालावे लागेल, हेडही घासून घ्यावे लागेल. मी ती गाडी तशीच मिस्त्रींकडे नेली आणि म्हणालो, "मिस्त्री, हे एवढे सगळे करायला मी काय दारात हत्ती बांधला आहे? स्वस्तात उरका."

त्यांनी पेचकस कानाला लावला. नंतर हेड उघडले, पॅकिंग हातात धरून बराच वेळ उन्हाकडे पाहिले.

"भाऊसाहेब, हे नवंच घालायला पायजे."

"तुमच्या तोंडी हे शोभत नाही. तुमचे नाव काय?"

ते ओशाळून हसले. तेच जुने पॅकिंग त्यांनी रॉकेलने पुसले, वरून डिंकासारखे काही लावले आणि परत बसवले. निघताना खिडकीतून आत वाकून तापमानाच्या काट्यावर बोट ठेवले. "पाणी तापलं की ह्यो काटा वर जातो. हितपर्यंत गेला की थांबायचं. कोनी बी गाडीत असू द्या, थांबायचं. माणसाला ताप आला तर आपून शेतावर धाडतो का?"

पंधरा दिवस गाडी उत्तम चालली. त्या दिवशी सर्कल अण्णासाहेबांना शहापुरात काम होते. निवृत्त झाले तरी त्यांचा शब्द कचेरीत चालतो. मी त्यांना आग्रहाने गाडीत बसवले. सरळगाव मागे टाकून किन्हवलीकडे निघालो, तेव्हा अण्णासाहेब माझ्या अर्जांची तारीफ करत होते. म्हणाले, "दत्ताराम, तुझ्या अर्जावर शेरा मारताना हात आपोआप सरळ चालायचा." अशा वेळी माणसाने थांबायचे कसे? काटा वर चढलेला मी पाहिला. एका चढावर पाहिला, दुसऱ्या चढावरही पाहिला. अण्णासाहेब म्हणाले, "कसला वास येतोय रे?" मी म्हणालो, "कोणीतरी शेतात कचरा जाळला असेल."

तिसऱ्या चढावर बोनेटमधून वाफ निघाली, आतून एक आवाज झाला आणि इंजिन जाम झाले. ते नंतर अर्धा फेराही फिरले नाही. अण्णासाहेब काळीपिवळीत बसून पुढे गेले. जाताना म्हणाले, "दुसऱ्यांचे अर्ज नीट करतोस, आधी आपली गाडी कर." हे वाक्य काळीपिवळीतल्या सगळ्या माणसांनी ऐकले.

मिस्त्री दोन तासांत आले. बंद पडलेल्या इंजिनाला त्यांनी पेचकस लावला आणि डोळे मिटले. मी चिडून विचारले, "बंद गाडीत काय ऐकताय?"

"बंद हाय ते दिसतंय. का बंद हाय ते ऐकतोय."

ट्रॅक्टरला बांधून गाडी त्यांनी शेडमध्ये नेली. मी एसटीने घरी परतलो आणि त्याच संध्याकाळी माझ्या आयुष्यातील एक उत्कृष्ट तक्रार लिहिली. निकृष्ट दुरुस्ती, गंभीर नुकसान, सार्वजनिक मानहानी, सर्व काही. 'अर्जदाराने गाडी पूर्ण काळजीने चालवली' हे वाक्यही त्यात होते. एक प्रत रजिस्टर पोस्टाने मिस्त्रींना आणि एक ग्रामपंचायतीला. मिस्त्रींची शेड पंचायतीच्या जागेवर होती. दर वर्षी मुदत वाढवून मिळे, आणि त्या वर्षीची मुदतवाढ गुरुवारच्या सभेत यायची होती, हे मला ठाऊक होते. तो मुदतवाढीचा अर्जही मीच लिहिलेला होता.

सोमवारी मिस्त्री चिंचेखाली आले. बाकावर बसले, डबा उघडला आणि माझेच पाकीट माझ्या हातात दिले. फोडलेले नव्हते.

"लाल शिक्का हाय. कायतरी मोठं दिसतंय. वाचा."

पाठवणाऱ्याचे नाव पाकिटावर माझ्याच अक्षरात होते. ते त्यांना वाचता येत नाही, हे पाठवताना माझ्या लक्षात यायला हवे होते. वीस वर्षे त्यांचा प्रत्येक कागद मी वाचला, तर हा कोण वाचणार होता? मी पाकीट फोडले आणि वाचू लागलो. मिस्त्रींनी इंजिन ऐकताना मिटतात तसे डोळे मिटले. शेवटपर्यंत मिटलेले राहिले.

"लय झ्याक लिवलंय," ते म्हणाले. "कोनी लिवलं?"

"मी."

"तरीच."

डबा मांडीवर सरकवत ते म्हणाले, "आता उत्तर बी तुमीच लिवा. मी दुसरीकडं कुठं जाणार?"

माझ्या टेबलाचा एक नियम आहे. समोर बसलेला जे सांगेल ते त्याच्या बाजूने, प्रामाणिकपणे लिहायचे. त्याच्या विरुद्ध कोण आहे, हे पाहायचे नाही. मी कोरा कागद घेतला.

"लिवा. जुनं पॅकिंग परत घातलं, ती चूक माझी. मला कळत व्हतं, तरी घातलं. भाऊसाहेब स्वस्तात म्हनले, पन पाना माझ्या हातात व्हता. इंजिन मी बांधून देनार."

मी लिहिले. नंतर पेन थांबले. "काट्याबद्दल काही लिहायचे का?"

"काट्याचं ऱ्हावू द्या."

"का?"

मिस्त्रींनी डब्याचे झाकण लावले. "हेड वाकलंय, भाऊसाहेब. तेवढं वाकायला टाइम लागतो. एका चढात नाय वाकत. पन ते लिवलं तर लोक म्हनतील, ह्याला गाडीचा काटा वाचता येत नाय, आपले अर्ज काय वाचनार? माझं काय, मला समदे भंगारवाला म्हनतातच. तुमचं पोट अक्षरावर हाय."

हे त्यांनी कुजबुजत सांगितले, कारण बाजूच्या टेबलावर दुसरा अर्जलेखक बसला होता. मी त्या कागदावर त्यांचा अंगठा घेतला. त्या दिवशी मी आणखी एकही अर्ज लिहिला नाही.

गुरुवारच्या सभेला मी गेलो. साक्षीदार म्हणून अण्णासाहेबही होते. माझी तक्रार सरपंचांनी वाचली आणि सभासद एकमेकांकडे पाहू लागले, कारण त्या जागेवर चहाच्या टपरीसाठी त्यांच्यातल्या दोघांचा डोळा होता. मिस्त्री दाराशी चपलांजवळ उभे, हिरावहिनी त्यांच्या मागे. त्यानंतर मी प्रतिवादीचे उत्तर वाचले. ते संपले तेव्हा कागदावर नसलेले एक वाक्य मी पुढे जोडले. "काटा वर गेलेला अर्जदाराने पाहिला होता. दोनदा पाहिला होता. सर्कलसाहेब तारीफ करत असल्याने थांबला नाही."

सभेत हशा पिकला. अण्णासाहेब म्हणाले, "मग शेतात कचरा जाळलाय म्हणालास, तो?" मी म्हणालो, "तो माझ्याच बोनेटखाली जळत होता, साहेब." सरपंच टेबलावर हात आपटून हसले आणि त्या हसण्यातच मुदतवाढ मंजूर झाली. मी तक्रारीच्या दोन्ही प्रती मागून घेतल्या आणि तिथेच फाडल्या. बाहेर हिरावहिनी मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, आज पयल्यांदा तुमचं सगळं बोलनं मला कळलं."

महिनाभर मिस्त्री त्या इंजिनापाशी बसले. हेड घासून आणले, पिस्टन बदलले, आणि पॅकिंग नवे, कागदात गुंडाळलेले, माझ्या डोळ्यांसमोर उघडून घातले. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी पेचकसाची मूठ माझ्या कानाला लावली. "ऐका." मला घरघरीखेरीज काही ऐकू आले नाही, पण मी मान डोलावली. नंतर त्यांनी वहिनींना हाक मारली. "गो, तुझं पाकीट आन." वहिनींनी टिकल्यांचे पाकीट आणले. त्यातली एक लाल, मोठी टिकली मिस्त्रींनी काट्याच्या काचेवर नेमक्या जागी चिकटवली.

"ह्याच्यापातूर काटा आला की उतरायचं. सर्कल असू दे नायतर कलेक्टर."

त्यानंतर ती गाडी कधीही रस्त्यात बंद पडली नाही. टिकलीबद्दल मला अनेकांनी विचारले. मी प्रत्येकास ही हकिकत सांगितली, आणि माझे एकही गिऱ्हाईक तुटले नाही. उलट काहीजण म्हणू लागले, "हा माणूस स्वतःविरुद्ध लिहितो, आपले खरेच लिहील."

गेल्या माघात मिस्त्रींनी शेड आवरली. गुडघे वाकेनात, गाडीखाली शिरता येईना. मुलगी घाटापलीकडे दिली आहे; तिच्याकडे दोघे राहायला गेले. डबे गावात वाटले. बिस्किटांचा डबा मात्र सोबत नेला. एसटीत चढताना मी विचारले, "तिकडे कागद कोण वाचणार?" म्हणाले, "भागवू." पेचकस पिशवीतून बाहेर आलेला होता. ज्या गाडीने ते गेले, तिच्या ड्रायव्हरला त्यांनी बसताबसता सांगितले की मागचे डावे चाक आवाज करते आहे.

सबब, प्रस्तुत अर्जाचे कारण असे की, या वर्षीच्या उन्हाने काच तापून ती टिकली गळून पडली आहे. ती नेमकी कुठे होती हे अर्जदारास पक्के ठाऊक आहे आणि बाजारात टिकल्याही मिळतात. तथापि प्रतिवादीने दिलेली ग्यारंटी गाडीची नसून स्वतःची होती. तरी त्यांनी हिरावहिनींसह समक्ष येऊन ती टिकली लावून द्यावी, अथवा कधी येतात ते लेखी कळवावे. उत्तर लिहून देणारा तिकडे मिळत नसल्यास चिंचेखालचे बाकडे जागेवरच आहे. प्रतिवादीच्या बाजूने उत्तर मीच लिहून देईन, आणि ते प्रामाणिकपणे लिहीन.

उत्तर येईपर्यंत अर्जदार काटा वर गेलेला नसतानाही प्रत्येक चढावर थांबून उतरत आहे, याची कृपया नोंद घ्यावी.