बहरीनमधली शर्यत आणि डिकीतला तांदूळ

बहरीनला मी काही हौसेने गेले नव्हते, मला आईने पिटाळलं होतं. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालेलं. माझा धाकटा भाऊ सुधीर तिथे एका कंपनीत अकाउंटंट होता. एके दिवशी त्याच्या बायकोचा, वंदनाचा ट्रंक कॉल आला. "ताई, ह्यांनी जुनी मोटार घेतलीय. शर्यतीत पळवणार म्हणतायत!"

आमचे वडील खंबाटकी घाटात अपघातात गेले. तेव्हापासून घरात कुणी रिक्षावाल्याला 'जरा लवकर घ्या' म्हटलं तरी आईचा चेहरा उतरायचा. त्यात वंदनाला पाचवा महिना. आईची झोपच उडाली. "तुझ्या शाळेला दिवाळीची सुट्टी आहे ना? मग जा आणि कान धरून थांबव त्याला," ती म्हणाली. आमच्याकडे असल्या कामांना थोरली मुलगीच लागते.

सुधीरने व्हिजिट व्हिसा काढला आणि मी चकल्यांचा डबा घेऊन मुंबईहून विमानात बसले. तुम्ही जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरा. हवा आपल्या महाबळेश्वरसारखी नाही, पण साताऱ्यासारखी नक्की असते. विमानतळावरून येताना अरादचा किल्ला दिसला. "उद्या दाखवतो," सुधीर म्हणाला. दाखवला नाही. त्या आठवड्यात त्याच्या डोक्यात मोटारीशिवाय दुसरं काही नव्हतंच.

ते गुदैबियात राहायचे. खाली मल्याळी माणसाचं हॉटेल, शेजारी गुजराती दुकान, कोपऱ्यावर गरम खुबूसची भट्टी. भाकरीची सवय असलेल्या माणसाला ती रोटी लगेच आवडते आणि ती मिळायचीही अगदी स्वस्त. घराखाली ती मोटार उभी होती: लांबलचक, अमेरिकन, मागे माशासारखे पर, वयाने सुधीरच्या बरोबरीची. मी जिन्यातच तोंड सोडलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, शुक्रवारी पळवतो. पहिल्या फेरीत हरलो तर गाडी विकून टाकतो. जिंकलो तर मात्र कुणी काही बोलायचं नाही."

वंदना म्हणाली, "शब्द देताय ना?"

"दिला."

झालं! दोघी देवापुढे बसून घरच्या माणसाच्या पराभवासाठी हात जोडू लागलो.

रात्री जेवताना त्याने नियम सांगितले आणि मी घास हातात धरून ऐकत राहिले. शर्यत हौशी लोकांची, गाड्या जुन्याच हव्यात. सरळ रस्त्यावर दोन-दोन गाड्या सुटणार. आधी सरावात गाडी पळवून बघायची आणि आपल्याला किती सेकंद लागतील ते स्वतःच जाहीर करायचं. ज्याची गाडी हळू, तो आधी सुटणार, म्हणजे म्हाताऱ्या गाडीवर अन्याय नको. पण सांगितल्यापेक्षा लवकर पोचलात तर तुम्ही बाद.

"म्हणजे जास्त जोरात गेलास की हरलास?" मी विचारलं.

"अगदी तसंच. वेगाचं नाही, हिशेबाचं काम आहे. मी अकाउंटंट आहे, ताई!"

खर्चाचंही सांगते, कारण हौसेला मोल नसतं हे म्हणणाऱ्याने मोटार पाळलेली नसते. प्रवेशाचे पाच दिनार, हेल्मेट मित्राचं उसनं, सीटचा पट्टा नवा घ्यावा लागला. खरा खड्डा टायरांनी पाडला. त्या पैशांत बाळाचा पाळणा आला असता, असं वंदना मला भांडी घासताना म्हणाली.

शुक्रवार हा तिथला सुट्टीचा एकच दिवस, त्यामुळे मराठी माणूस त्यात सगळी कामं कोंबणार. जातानाच दुकानातून घरचा दोन महिन्यांचा तांदूळ घेतला, दोन मोठी पोती आणि तेलाचे डबे. ते डिकीत घालून आम्ही निघालो. रिफा मागे पडलं, मग तेलाच्या नळांच्या बाजूने दक्षिणेकडे, दोन्हीकडे नुसतं वाळवंट. सोबत पाणी आणि टोपी हवीच. सावलीचं नाव नाही.

एका वापरात नसलेल्या डांबरी रस्त्यावर सगळे जमले होते. तपासनीस होता एक पिकल्या मिशांचा इंग्रज. त्याने ब्रेक, पट्टा, बॅटरी, सगळं हलवून बघितलं, सुधीरला नायलॉनचा शर्ट बदलून सुती घालायला लावला. ते पाहून माझा जीव जरा भांड्यात पडला. डिकी उघडून तो हसला. सुटं सामान चालणार नाही, घट्ट बांधा, म्हणाला. सुधीरने काथ्याने पोती आवळली. सराव झाला, आणि त्याने आपले सेकंद पांढऱ्या रंगाने काचेवर लिहिले.

मग तो चालकांच्या बैठकीला गेला. तेवढ्यात सराव बघायला आलेले शेजारचे सावंत पिकअप घेऊन परत निघाले. वंदनाने त्यांना हाक मारली. "भाऊ, गुदैबियालाच चाललाय ना? आमचे तांदूळ न्याल का? संध्याकाळी कोण वर चढवणार ती पोती!" सावंतांनी पोती, डबे, सगळं उतरवून घेतलं. मीही काथ्या सोडायला हात लावला. फुकट गाडी घराकडे चालली असताना ती रिकामी जाऊ देणं आम्हा दोघींनाही शक्य नव्हतं.

सुधीरच्या समोर होता युसुफ नावाचा तिथलाच तरुण. दिवे लागले, सुधीर आधी सुटला. मी डोळे मिटले. मला घाट दिसत होता, वडील दिसत होते. वंदनाने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. डोळे उघडले तेव्हा सुधीरची गाडी रेघेपलीकडे सुखरूप उभी होती. तो पहिला आला होता! आणि बाद झाला होता. बोललेल्या वेळेपेक्षा केसभर लवकर पोचला होता.

तो डोकं खाजवत आला. "हिशेब चुकणं शक्यच नाही." त्याने डिकी उघडली आणि किंचाळला, "तांदूळ कुठाय?"

"घरी पाठवला," वंदना म्हणाली.

"अगं, सरावात ते वजन होतं गाडीत! हलकी झाली म्हणून पळाली ती!"

"अहो, मला काय माहीत तुमची शर्यत तांदळावर चालते?"

युसुफला कुणीतरी समजावलं. तो पोट धरधरून हसला आणि सुधीरच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "खलास, सदीक!" म्हणजे 'संपलं, मित्रा!' सुधीर थोडा वेळ फुगून बसला, मग त्यालाही हसू आवरेना. वंदना मात्र हसता हसता रडायला लागली. कितीतरी आठवड्यांची भीती होती ती. तिच्याजवळ बसून तो म्हणाला, "विकतो. शब्द दिलाय." त्याच संध्याकाळी युसुफशीच सौदा ठरला आणि मोटार तिथेच त्याच्या ताब्यात गेली. मला इतकं हलकं वाटलं की परतीच्या वाटेवर मित्राच्या उसन्या गाडीत मी चक्क झोपले.

साताऱ्याला पोचल्यावर चप्पल काढायच्या आत आईला सांगितलं, "गाडी विकली. हरला." तिने देवाला हात जोडले, पदराने डोळे पुसले आणि मला पाणी दिलं. मग जरा वेळाने, इकडे तिकडे बघत, हळूच विचारलं, "पण रेघ आधी कोणी ओलांडली?"

"आपल्याच सुधीरने."

त्या दुपारी आई कित्येक दिवसांनी गाढ झोपली. उठल्यावर चहा घेऊन गॅलरीत गेली आणि समोरच्या काकूंना ओरडून म्हणाली, "अहो, ऐकलंत का? आमचा सुधीर बहरीनला मोटारीच्या शर्यतीत पहिला आला!"