गिरणीवरचा क्लास

दळणाचा गरम डबा उघडला की ज्वारीच्या पिठाच्या वासाबरोबर मला उचगावातला इंग्रजीचा क्लास आठवतो. पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत तो भरायचा. खाली गिरणी सुरू झाली की फरशी थरथरायची आणि वह्यांवर पांढरी पूड बसायची.

एरवी आम्ही गल्लीच्या या टोकावरून त्या टोकाला बोलणारी माणसं. इंग्रजी बोलायचं म्हटलं की मात्र आवाज शेजारणीलाही ऐकू जायचा नाही. मॅडम म्हणायच्या, "गिरणीच्या वर आवाज काढा. चुका काय, मी बघते."

कागलच्या एमआयडीसीत माझी मुलाखत होती, तिच्या आदल्या संध्याकाळी मी उभी राहिले आणि जीव खाऊन ओरडायला लागले, "आय वॉन्ट धिस जॉब!" नेमकी लाईट गेली. गिरणी थांबली, मी थांबले नाही. पुढची दोन वाक्यं साऱ्या गल्लीनं ऐकली.

खालच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "कोण गं वरडतंय?"

"माझी लेक हाय," दळणाला आलेल्या आईचा आवाज आला. "बरोबर का चूक, मला ठावं न्हाय. पण ऐकू आलं की!"

सगळा क्लास हसला. मला आईचा राग आला.

ती नोकरी मिळाली, पुढं आणखीही मिळाल्या. आता मी ऑनलाइन मीटिंगमध्ये हळू, बिनचूक इंग्रजी बोलते. आणि दर वेळी आधी विचारते, माझा आवाज येतोय का?