आमराईमागचं तळं

शेजाऱ्यांनी विश्वासाने दाखवलेलं मासे धरायचं तळं मी फोटोसकट ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं.

हे गृहस्थ लखनौभोवतीची तळी हिंडतात. काठावर बसून आधी पाणी हुंगतात, कणकेची गोळी टाकून बुडबुडे बघतात, आणि काहीही विचारा, "देखते हैं" एवढंच बोलतात. इतकं पारखून मलिहाबादच्या आमराईमागचं हे एकच शांत तळं त्यांनी आपलं मानलेलं.

रविवारी आम्ही दोघे पोचलो, तर माझं अख्खं ऑफिस स्पीकर लावून काठावर बसलेलं! "आइए सर!" कुणीतरी ओरडलं. माझी मान वर होईना.

शेजाऱ्यांनी गळ बाहेर काढलाच नाही. मळून आणलेली सगळी कणीक माशांना टाकली, हात धुतले आणि अदबीने म्हणाले, "भाईसाहब, आपसे तो मछली भली. मुँह खोलती है, तो बस ख़ुद फँसती है."